दत्तक जुळी बाळे आणि अंगावरचे दूध : पान्हा फुटला नाही तर माया लागत नाही का?

मलप्रभाकाठ | ८ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. लग्नाला अकरा वर्षे झाली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच सारे संपले. त्यानंतर आम्ही दत्तकासाठी नोंदणी केली आणि साडेतीन वर्षे यादीत थांबलो. अर्ज भरताना भावंडे चालतील, असे यजमानांनी नोंदवले, तेव्हा मी फारसा विचार केला नव्हता. १९ जूनला घरात एकदम दोन पाळणे टांगावे लागले. मुलगा आणि मुलगी, जुळी, आज साडेचार महिन्यांची आहेत. सध्या दत्तकपूर्व संगोपन म्हणून ती आमच्याकडे आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश यायचा आहे.

दोघांनाही बाटलीने वरचे दूध चालू आहे. सासूबाई मायाळू आहेत, रात्री एक पाळणा त्याच हलवतात, पण परवा सहज बोलून गेल्या, "अंगावर पाजल्याशिवाय आईला माया फुटत नाही गं, आणि पोरालाही वास लागत नाही." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्यात मुलगी मांडीवर घेतली की पदर तोंडात धरून चोखते, छातीशी तोंड घुसळते. मुलगा मात्र जवळ घेतले की अंग ताठ करतो आणि मान फिरवून छताकडे पाहतो. मी एकीची आई झाले आणि दुसऱ्याची दाई, असे वाटू लागले आहे.

मला विचारायचे आहे ते असे, की बाळंत न झालेल्या बाईला खरोखर दूध येऊ शकते का, आले तर दोघांना पुरते का, आणि फक्त मुलीनेच घेतले तर तो मुलावर अन्याय होईल का? ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

अथणीकर | ८ जुलै, रात्री ११.४१

वहिनी, अभिनंदन. बाकी ज्ञान जाणकार देतीलच. मी एवढेच सांगतो की बाळे दोन आहेत, तेव्हा बेळगावच्या कुंद्याचे डबेही दोन यायला हवेत.

परिचारिका_वडगाव | ९ जुलै, सकाळी ६.०५

मलप्रभाकाठ ताई, मी प्रसूती विभागात बावीस वर्षे काम केले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण ते होय थोडे सावकाश वाचावे लागेल.

गरोदरपणी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांमुळे स्तनांतील दूध तयार करणाऱ्या ग्रंथी वाढतात. बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि दूध तयार होऊ लागते. इथपर्यंतचा भाग बाळंतपणाचा आहे आणि तो तुमच्याकडे नाही. पुढचा भाग मात्र मागणीवर चालतो. बाळ चोखते, त्या स्पर्शाने मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवते आणि दूध बनते; ऑक्सिटोसिन स्रवते आणि बनलेले दूध बाहेर येते, ज्याला आपण पान्हा म्हणतो. हा पुढचा भाग बाळंत न झालेल्या बाईतही जागवता येतो. पूर्वी एखादे मूल पाजलेले असेल तर ते तुलनेने सोपे जाते आणि कधीच पाजलेले नसेल तर कमी दुधावर समाधान मानावे लागते.

करायचे ते असे. दिवसातून साधारण आठ वेळा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची, हाताने किंवा पंपाने दोन्ही बाजू दहा-पंधरा मिनिटे उत्तेजित करायच्या. बाळ तोंड लावत असेल तर पंपापेक्षा बाळ चांगले. पण कोरड्या छातीवर चार महिन्यांचे बाळ फार वेळ थांबत नाही, ते चिडते. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ५ नंबरची बारीक फीडिंग ट्यूब घ्यावी. तिचे एक टोक खांद्याच्या उंचीवर धरलेल्या वाटीतल्या वरच्या दुधात सोडावे आणि दुसरे टोक चिकटपट्टीने स्तनाग्रापाशी लावावे. बाळ छाती चोखते आणि दूध वाटीतले मिळते. त्याचे पोट भरते आणि तुमच्या शरीराला मागणीचा निरोप जातो. नळी जमली नाही तर कोणीतरी शेजारी बसून बोंडल्याने, म्हणजे बाळाला दूध पाजायच्या चोचीच्या वाटीने, छातीवर थेंब थेंब दूध सोडावे. माझ्या आजीच्या माळ्यावर चांदीचे बोंडले होते, ते आम्ही भंगारात काढले. आता वाईट वाटते.

थेंब दिसायलाच तीन-चार आठवडे लागू शकतात. दोन बाळांना पुरेल एवढे दूध येईल असे धरून चालू नका. वरचे दूध आहे तेवढेच चालू ठेवा. मुलाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.

घटप्रभा | ९ जुलै, दुपारी २.१५

वरील माहिती बरोबर आहे आणि मी ती सगळी करून पाहिली आहे, म्हणून वेगळे मत मांडते.

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना घरी आली. मी सहा आठवडे दिवसातून आठ वेळा पंप लावला. सहाव्या आठवड्याच्या शेवटी चमचाभर दूध आले आणि ते पाहून मला आनंद होण्याऐवजी रडू आले, कारण त्या सहा आठवड्यांत मुलगी बहुतेक वेळ माझ्या नणंदेच्या मांडीवर होती आणि मी आतल्या खोलीत यंत्राच्या. ज्या मायेसाठी हे चालले होते, ती माया करायला मला वेळच उरला नव्हता. सातव्या आठवड्यात पंप उचलून कपाटात ठेवला, बाटली हातात घेतली आणि ठरवले की पहिले सहा महिने ती बाटली माझ्या आणि यजमानांच्या हातूनच जाईल, पाहुण्यांच्या नाही. ते ठरवणे आम्हाला जास्त उपयोगी पडले.

सासूबाईंचे वाक्य प्रेमाचे असेल, पण ते खरे नाही. जिथे दूध भरपूर आणि माया कमी, अशी घरे तुम्हीही पाहिली असतील.

शहापूरकर_काकू | ९ जुलै, सायंकाळी ५.३०

आमच्या वेळी ही यंत्रे नव्हती आणि पोरे वाढत होती. मलप्रभाकाठ, बाळा, अळिवाची खीर घे, डिंकाचे लाडू कर, शतावरी दुधातून घे, शेपूची भाजी खा. घरात दुसरी कोणी पाजणारी असेल, जाऊ असेल, भावजय असेल, तर तिने दोन घोट द्यावेत. त्यात कमीपणा कसला? संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊने पाजले आणि इतिहासाने तिचे नाव दूधआई म्हणून जपून ठेवले. छत्रपतींच्या घरात जे चालले ते आपल्या घरात का चालू नये?

बालवैद्य_चिकोडी | ९ जुलै, रात्री १०.१०

काकूंचा मान राखून एक-दोन गोष्टी स्पष्ट करतो.

अळीव, डिंक, शतावरी हे खाणे म्हणून चांगले आहे. अळिवात लोह आहे, आणि दमलेल्या आईने चांगले खावे याबद्दल वाद नाही. पण खाण्याने दूध उतरते असे नाही, वारंवार रिकामे होण्याने उतरते. लाडू खाऊन पंप चुकवला तर वजन वाढेल ते आईचे.

दुसऱ्या बाईने थेट पाजण्याचा सल्ला मी देणार नाही. आईच्या दुधातून एचआयव्हीसारखा संसर्ग बाळाला होऊ शकतो आणि निरोगी दिसणाऱ्या बाईलाही तो माहीत नसतो. म्हणूनच दूधपेढीत दात्या मातांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते. आपल्या देशातील पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीतले दूध मात्र मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी नवजात बाळांसाठी राखलेले असते. घरातल्या धडधाकट बाळांसाठी ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ताईंनी स्वतः पाजायचे ठरवले तरी आधी आपल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आता औषधाविषयी, कारण ही चर्चा वाचून कोणीतरी नक्की दुकानात जाईल. उलटीवर दिली जाणारी डॉम्पेरिडोन ही गोळी प्रोलॅक्टिन वाढवते आणि दूध आणण्यासाठी ती काही डॉक्टर देतात. तिने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दूध वाढवण्यासाठी ती वापरू नये असा इशारा दिला होता. इतर काही देशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती वापरली जाते. तेव्हा ईसीजी काढून, तुमची इतर औषधे पाहून डॉक्टरांनी ठरवावे. शेजारणीला चालली म्हणून घेऊ नये.

बाळांचे वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, त्याच वेळी करा. या वयात रोज सरासरी १५ ते २० ग्रॅम वाढ आणि दिवसात निदान सहा लंगोट ओले, एवढे असेल तर पोट भरते आहे. अंगावरचे दूध येईल या आशेने डब्याचे दूध पातळ करू नका. मापाचा चमचा आणि पाणी डब्यावर लिहिल्याप्रमाणेच. गाईचे दूध आणि मध वर्षाच्या आत नको. आणि ही बाळे साडेचार महिन्यांची आहेत, म्हणजे दीड महिन्यात उष्टावण येईल. तुमच्यापुढची मुदत तशी लहान आहे, हे गृहीत धरून स्वतःला त्रास किती द्यायचा ते ठरवा.

शहापूरकर_काकू | ९ जुलै, रात्री १०.३२

डॉक्टर, धाराऊचा ईसीजी कोणी काढला होता?

बालवैद्य_चिकोडी | ९ जुलै, रात्री १०.४०

काकू, त्या काळी किती बाळे वर्षाच्या आत जात, तेही कोणी मोजले नव्हते. लाडवांना मात्र माझी परवानगी आहे.

दोन_पाळणे | १० जुलै, सकाळी ११.५०

मी जुळ्यांना जन्म दिला आहे आणि दोघांना अंगावर पाजले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. सासूबाईंचे वाक्य खरे असते तर मला दोन्ही मुलांबद्दल एकाच दिवशी सारखीच माया वाटायला हवी होती. तसे झाले नाही. धाकटा वजनाने कमी होता, काचेच्या पेटीत होता, रडका होता. थोरला शांत, पाहताक्षणी हसणारा. थोरला पहिल्या आठवड्यातच माझा झाला. धाकट्याला मी कर्तव्य म्हणून पाजत होते, घड्याळ लावून, आणि ही गोष्ट मी तेव्हा कोणालाही सांगितली नाही. दोघेही माझ्याच पोटचे, दोघांनाही माझेच दूध. धाकट्याची माया लागायला चार महिने लागले आणि ती कशाने लागली हे मला आजही सांगता येत नाही. तुमची बाळे घरी येऊन तर जेमतेम तीन आठवडे झाले आहेत.

आणखी एक निरीक्षण सांगते. जुळी मुले आईची होण्याआधी एकमेकांची असतात. तुमची दोघे तर चार महिने एकाच खोलीत, कदाचित एकाच पाळण्यात होती. दाया बदलल्या असतील, पाळ्या बदलल्या असतील, पण शेजारचा श्वास तोच राहिला. त्यांच्या लेखी तुम्ही तिसऱ्या आहात. त्यामुळे मुलाला एकट्याला आतल्या खोलीत नेऊन जवळ घेण्याचा प्रयत्न करत असाल तर तो ताठ होणारच, कारण तुम्ही त्याला ओळखीच्या एकमेव माणसापासून दूर नेत आहात. दोघांना एकत्र मांडीवर घेऊन पाहा. गादीवर भिंतीला टेकून बसा, दोन्ही बाजूंना उशा लावा, आणि दोन्ही काखांखाली एकेक बाळ असे घ्या की पाय मागे आणि डोकी तुमच्या तळहातांवर. मुलगी छातीला लागली आणि मुलगा नुसता पडून राहिला तरी चालेल.

खानापूरचा जुलै आहे, दुपटी वाळत नसतील. त्याबद्दल माझी खरी सहानुभूती आहे.

हिडकलचा_बाबा | १० जुलै, रात्री ९.२५

या चर्चेत बाप कोणी दिसला नाही, म्हणून लिहितो. आमचा मुलगा सात महिन्यांचा असताना आला. पहिले दोन आठवडे तो रडलाच नाही. ओला असला तरी नाही, भुकेला असला तरी नाही. नातेवाईक म्हणत, किती गुणी बाळ आहे. आमच्याकडे भेटीला येणाऱ्या समाजसेविकेने समजावले की जिथे एका दाईकडे अनेक बाळे असतात तिथे रडून कोणी येत नाही हे बाळ शिकते आणि रडणे सोडून देते. ते ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. एक तारेची आई, तिच्याजवळ दुधाची बाटली. एक मऊ कापडाची आई, तिच्याजवळ काहीच नाही. पिल्ले दूध प्यायला तारेच्या आईकडे जात आणि उरलेला जवळजवळ सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. प्रयोग क्रूर होता, पण सासूबाईंच्या वाक्याला त्याच्याइतके सरळ उत्तर मला दुसरे माहीत नाही.

मी सदरा काढून मुलाला उघड्या छातीवर घेऊन झोपत असे. हीच पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुरू झाली; आपल्याकडे तिला कांगारू पद्धत म्हणतात. ताईंच्या यजमानांनाही एक बाळ वाटून द्यावे. छातीला केस असले तरी बाळाची हरकत नसते.

रजेचा_अर्ज | ११ जुलै, सकाळी ८.३०

ताई, रजा मिळाली आहे का, हे कोणी विचारलेच नाही. दिवसातून आठ वेळा पंप लावायचा आणि नववीला भूमितीही शिकवायची, हे एका माणसाचे काम नाही.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा दिली, पण तेव्हा अट अशी घातली होती की बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असावे. आता गंमत पाहा. सोडून दिलेल्या तान्ह्या बाळाला दत्तकासाठी कायद्याने मोकळे ठरवायलाच दोन महिन्यांपर्यंतची मुदत असते, आणि आईवडिलांनी स्वाधीन केलेल्या बाळाबाबत त्यांना फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात. त्यापुढे बाळ सुचवणे, ते स्वीकारणे आणि घरी आणणे. म्हणजे रजेच्या अटीत बसणारे बाळ घरी येणे हीच दुर्मीळ गोष्ट झाली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मात्र एक वर्षाच्या आतील बाळासाठी १८० दिवस मिळतात. तुमच्या शाळेला कोणता नियम लागू होतो ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.

निपाणीची_लेक | ११ जुलै, दुपारी ३.४५

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि दत्तक असल्याचे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. मी अंगावर पाजले नाही, प्रयत्नही केला नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते.

दत्तक आई म्हटले की आपण यशोदेचे नाव घेतो. मला राधा जवळची वाटते, अधिरथाची बायको, कर्णाची आई. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगून पांडवांकडे बोलावतो, तेव्हा कर्ण जी कारणे देतो त्यात एक कारण असे आहे की माझ्या मायेने राधेला त्याच क्षणी दूध उतरले. नदीत सापडलेल्या बाळाला पाहून पान्हा फुटलेली बाई आपल्या महाभारतात आहे, आणि वयाने वाढलेला योद्धा राज्य नाकारताना तिच्या दुधाची आठवण काढतो. ताईंना प्रयत्न करावासा वाटत असेल तर त्यात काही विचित्र नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

घटप्रभा | ११ जुलै, सायंकाळी ७.०२

निपाणीच्या ताई, गोष्ट सुंदर आहे आणि तीच माझी अडचण आहे. 'त्याच क्षणी' हे शब्द पाहा. व्यासांनी राधेला एका क्षणात दूध दिले. मला यंत्राने सहा आठवड्यांत चमचाभर. मग उरलेल्या बायकांनी असे समजायचे का, की आपलीच माया कमी पडली?

निपाणीची_लेक | ११ जुलै, रात्री ८.१९

नाही. कर्ण पुढे लगेच असेही म्हणतो की तिने माझे मलमूत्र काढले. मला वाटते दूध त्याने ऐकले असणार आणि दुपटी धुतलेली त्याला जाणवली असणार. त्याने दोन्ही एकाच दमात मोजली आहेत.

घटप्रभा | ११ जुलै, रात्री ८.३०

हे मला माहीत नव्हते, आणि ते मान्य आहे.

मलप्रभाकाठ | १४ जुलै, रात्री १.५०

सर्वांची उत्तरे दोन-तीनदा वाचली. रजा मिळाली आहे, पण बिनपगारी आणि ३० ऑगस्टपर्यंत. रक्ताची तपासणी झाली, ती ठीक आहे. डॉक्टरांनी गोळी सुचवली नाही आणि मीही मागितली नाही. संस्थेच्या समाजसेविकेला आधी विचारले. त्यांनी हरकत नाही असे सांगितले, फक्त वजनाची वही ठेवायला सांगितली. परवापासून नळी लावून मुलीला घेते आहे. ती पंधरा मिनिटे चोखते. मुलगा अजून नाही.

पण आज वेगळेच घडले आणि ते सांगण्यासाठी या वेळी लिहिते आहे. शेजारच्या अक्का बाळे पाहायला आल्या. त्या घरी कन्नड बोलतात. मुलगा माझ्या हातात नेहमीसारखा ताठ, छताकडे पाहत होता. अक्का जवळ येऊन म्हणाल्या, "अळबेड कंदा, बा बा." रडू नको बाळा, ये ये. त्याने इतक्या झपकन मान वळवली की मी दचकले. मग तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला आणि त्याचे अंग सैल झाले. बाळे धारवाडच्या बाजूच्या संस्थेत होती. तिथल्या दाया त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलत असणार. चार महिने जी भाषा कानावर पडली ती १९ जूनला एकदम बंद झाली, आणि आम्ही तिघे मोठ्या प्रेमाने त्याच्याशी अनोळखी आवाजात बोलत होतो. माझे सारे लक्ष वास आणि दूध यांच्याकडे होते. कानाचा विचार माझ्या मनातच आला नव्हता.

मी कन्नड बाजारापुरते बोलते. आज अक्कांकडून एक जोगुळ, म्हणजे कन्नड अंगाई, लिहून घेतले आहे, देवनागरीत.

अथणीकर | १४ जुलै, सकाळी ७.१५

वहिनी, सीमाप्रश्न तुमच्या पाळण्यापर्यंत पोहोचला म्हणायचा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला आणि आपण अजून भांडतो आहोत. तुमच्या चिरंजीवांनी एका 'कंदा'वर निकाल लावला.

परिचारिका_वडगाव | १४ जुलै, सकाळी ७.४०

थट्टा बाजूला ठेवून सांगते, जोगुळ म्हणतानाच त्याला जवळ घ्या, आणि तो अर्धवट झोपेत असताना छातीपाशी न्या. बाटलीची सवय लागलेली बाळे पूर्ण जागेपणी आणि भूक कडकडीत लागलेली असताना छाती नाकारतात. झोपेत कधीकधी विसरतात. जबरदस्ती मात्र नको. डोके मागून दाबले तर बाळ पुन्हा जवळ येत नाही.

शहापूरकर_काकू | १४ जुलै, सकाळी ९.००

माझी आजी नंदगडची. ती मराठीत रागवायची आणि कन्नडमध्ये लाड करायची. तिच्या सात मुलांपैकी कोणाचेही काही बिघडले नाही.

मलप्रभाकाठ | ३० ऑगस्ट, रात्री १०.४५

सात आठवड्यांनी लिहिते आहे. आज रजा संपते.

पहिला थेंब २ ऑगस्टला दिसला. पांढरा नव्हता, पिवळसर आणि चिकट होता, आणि तो दूध आहे की घाम हे ठरवण्यासाठी मी आणि यजमान विजेरी घेऊन बसलो होतो. आज दोन्ही बाजूंचे मिळून दिवसाला साधारण ६० मिलिलिटर येते. मुलांचे रोजचे दूध त्याच्या कितीतरी पट आहे. गणिताच्या शिक्षिकेला हा आकडा लपवता येत नाही. मुलगी पहाटे आणि रात्री अंगावर घेते आणि तेव्हा माझी करंगळी धरून ठेवते. त्या वीस मिनिटांसाठी सगळे पंप मला चालले असते. घटप्रभा ताई, तुमचा इशारा मात्र मी लक्षात ठेवला होता. पंप दिवसातून आठ वेळा कधीच लावला नाही, चारच वेळा लावला, आणि तो चालू असताना बाळे खोलीतच ठेवली.

मुलाने एकदाच तोंड लावले, झोपेत, दोन-तीन मिनिटे. पुन्हा नाही. तो बाटलीच घेतो, पण आता दोन_पाळणे यांनी सांगितल्याप्रमाणे बहिणीच्या शेजारी, माझ्या उघड्या खांद्याला गाल लावून. जोगुळ त्याला पाठ झाले आहे. मी ओळ चुकले की चोखणे थांबवून वर पाहतो. गेल्या मंगळवारी मी आदेशाच्या कागदांसाठी बेळगावला गेले. दार ओढले आणि मागून रडणे ऐकू आले. मुलगी असेल असे वाटले, पण सासूबाईंनी फोनवर सांगितले की तो होता आणि अर्धा तास थांबला नाही. हिडकलच्या बाबांनी लिहिलेले आठवले, आणि खानापूरच्या स्टँडवर मी चक्क हसले. आजूबाजूची माणसे पाहत होती.

उष्टावणाचा एक वाद सांगते. मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करायचे असते. मग एकाच दिवशी दोघांचे कसे करायचे, असा सासूबाईंचा पेच होता. मी म्हटले, सहा पूर्ण झाले म्हणून त्याचा सम आणि सातवा चालू आहे म्हणून तिचा विषम. त्यांनी बोटांवर दोनदा मोजून मान्य केले.

त्याच समारंभात त्या आलेल्या बायकांना सांगत होत्या, "आमची सून दोघांनाही अंगावर पाजते." हे खरे नाही. मी काही बोलले नाही आणि आता ते टोचते आहे. दुरुस्त करायला हवे होते का?

घटप्रभा | ३० ऑगस्ट, रात्री ११.१०

हवे होते, आणि अजूनही करा. तुमच्या घरी पुढे एखादी सून येईल, किंवा त्या बायकांपैकी एखादीच्या घरी बाळ दत्तक येईल. तिला हे वाक्य ऐकवले जाईल.

शहापूरकर_काकू | ३१ ऑगस्ट, सकाळी ६.२०

राहू दे गं. ती सासू आहे, तिला चार बायकांत मिरवायला काहीतरी हवे असते. पूर्वी ती 'माया फुटत नाही' म्हणत होती, आता 'दोघांनाही पाजते' म्हणते. एवढा रस्ता ती चालून आली हेही बघ.

मलप्रभाकाठ | ३१ ऑगस्ट, सकाळी ६.४५

दोघींचेही पटते आहे. शाळेची वेळ झाली. पंप पिशवीत घेतला आहे; शिक्षक खोलीच्या मागच्या लहान खोलीला आतून कडी नाही, तेवढी आज बसवून घ्यायची आहे.

अथणीकर | ३१ ऑगस्ट, सकाळी ७.०३

वहिनी, कुंद्याचे डबे अजून आलेले नाहीत.